पोटातला कळप

माझ्या पोटात कळप आहे. हे ऐकलं की नवा माणूस आधी हसतो, मग माझ्या पोटाकडं बघतो. बघू दे. मुळीक मॅडमसुद्धा त्याला कळपच म्हणतात, आणि त्या पुण्याच्या मोठ्या संस्थेत डॉक्टरांना शिकवतात.

मी सोजर धुळाजी लवटे. जातीची धनगर, माण तालुक्यातली. आश्रमशाळेत दहावी केली आहे, त्यामुळे कुणी मला अडाणी समजून सावकाश, मोठ्यानं बोलायला लागलं की माझं डोकं सटकतं. आमचा धंदा मेंढरांचा. दिवाळी सरली की आमचा वाडा हलतो. वाडा म्हणजे दगडविटांचा नाही. दहा-बारा घरं, त्यांची मेंढरं, घोड्या, कुत्री, कोंबड्या असं सगळं मिळून जे चालत निघतं, त्याला आम्ही वाडा म्हणतो. फलटण, लोणंद, शिरवळ, भोर, आणि मग वरंध घाट उतरून खाली कोकणात. पावसाळा तोंडावर आला की परत वर. आता मेंढरांच्या गळ्यात यंत्राचे पट्टे आलेत, लांडगा जवळ आला की मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, फोन वाजतो, तरी चालायचं ते पायांनीच. घाटातल्या आमच्या वाटेवर अजून कुठली गाडी चढत नाही.

निघायच्या सकाळची आमची एक रीत आहे. वाड्याचा म्होरक्या किराईत, कडुनिंब आणि कुड्याची साल उकळून भगुलंभर काढा करतो. कोकणातला ताप लागू नये, पोट बिघडू नये म्हणून. वाटी एकच, पितळेची. ती घराघरानं फिरते. आधी घरधनी पितो, मग घरातली बाकीची. एक घर पिऊन झालं की म्होरक्या मोठ्यानं मोजतो, "कोकऱ्याचं घर, पाच. हाक्याचं घर, तिघं." जो प्याला तो मोजला गेला, आणि जो मोजला गेला तो वाड्याचा.

आमचं घर दोघांचं; दिराची चूल वेगळी, त्याचं घर वेगळं मोजतात. एक लेक आहे, ती लग्न होऊन अकलूजला गेली. उरलो मालक आणि मी. "लवट्याचं घर, दोघं." हे मी किती वर्षं ऐकलं आणि कधी कान देऊन ऐकलं नाही. मग माझ्या किडन्या गेल्या. त्यानंतर सलग पाच वर्षं म्होरक्या बिरूआण्णा म्हणत आला, "लवट्याचं घर, एक." मी तिथं नसायचेच. मालकांनी मला हे कधी सांगितलं नाही. जाऊबाईनं फोनवर सांगितलं, तिच्या पोटात काही राहत नाही.

तर मी फलटणला, दवाखान्यामागच्या पत्र्याच्या खोलीत. आठवड्यातनं तीनदा मशीन. हातात सुया, अंगातलं रक्त एका नळीतनं बाहेर, दुसऱ्या नळीतनं आत, चार तास छताकडं बघत पडायचं. मशीन चुकवता येत नाही, म्हणजे फलटण सोडता येत नाही. धनगराची बाई दावणीला बांधली गेली.

आणि खाणं काय सांगू. भाजी दोनदा उकळायची, दोन्ही वेळचं पाणी फेकायचं आणि मागं राहील त्या चोथ्याला भाजी म्हणायचं. टोमॅटो नको, केळं नको, शहाळ्याचं तर नावच नको. पाणी दिवसाला एक बाटली, त्यातच चहा, त्यातच गोळ्या. आणि एवढं सगळं बंद करून वर सांगायचं, भरपूर खा, अंड्यातलं पांढरं खा, अंगात मांस राहू दे. खाणार कशी? भूकच नाही. तोंडाला सारखी लोखंडाची चव, ताट समोर आलं की पोटात ढवळायचं. माझ्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या होत्या.

मालक आठ महिने खाली असायचे. माझ्या फोनवर एक नकाशा होता, त्यात आमच्या प्रत्येक मेंढराचा एक हिरवा ठिपका आणि माझ्या घोडीचा पिवळा. मशीनवर पडल्या पडल्या मी ते ठिपके बघायची. शिरवळला ओढा ओलांडताना ते एका रेघेत यायचे. भोरच्या पुढं पसरायचे. घाटाच्या तोंडाशी गेले की रेंज जायची, आणि एकेक ठिपका विझत जायचा, शेवटी पिवळा. तो विझला की मी फोन उशीखाली ठेवायची आणि तोंड भिंतीकडं करायची. मला काय पाहिजे होतं? घाटातली ओली हवा नाकात जाते ती पाहिजे होती. तीन दगडांच्या चुलीचा धूर पाहिजे होता. मालकांच्या मागनं घोडीचा कासरा धरून चालायचं होतं, दुसरं काही नाही.

शेजारच्या खाटेवर मुलाणी चाचा असायचे. फलटणच्या बाजारात त्यांचं मटणाचं दुकान, आता मुलगा चालवतो. आमच्याच वाड्यावरनं बकरी न्यायचे ते, मालकांशी तासभर घासाघीस करून.

"सोजर, तुझ्या नवऱ्यानं मला जन्मभर म्हातारी बकरी तरणी म्हणून विकली," ते म्हणायचे.

"आणि तुम्ही ती फलटणकरांना तरणी म्हणूनच खायला घातली," मी म्हणायची. नर्स हसायची. असे आमचे चार तास जायचे.

एका हिवाळ्यात तिथं मुळीक मॅडम आल्या. डॉक्टर अर्पिता मुळीक. पायात साधी चप्पल, केस कसेतरी बांधलेले. आमच्या खाटांच्या मधे स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या पोटात काही जंतू सोडायचेत. आधी ऐकून घ्या, मग नाही म्हणा."

"आधीच काय कमी हाल आहेत, त्यात जंतू आणि," चाचा म्हणाले. पण ऐकलं आम्ही.

मॅडमनी सांगितलं ते असं. किडनी थांबली की रक्तात युरिया साचतो. त्यातला बराच आतड्यात झिरपतो आणि तिथले जंतू त्याचा अमोनिया करतात. शिवाय न पचलेली प्रथिनं आतड्यात कुजतात, त्यातनं आणखी एका जातीचं विष होतं. हे विष रक्तातल्या प्रथिनांना असं चिकटून बसतं की मशीनलाही ते नीट धुता येत नाही. भूक मारण्यात हेच विष सगळ्यांत पुढं. म्हणजे मशीन रक्त धुतं, पण घाण जिथं तयार होते त्या आतड्याला हातच लागत नाही.

"आता मेंढी बघा," मॅडम म्हणाल्या. "तिच्याही अंगात युरिया होतो. पण चारा निकस असला की ती तो सगळा लघवीवाटे टाकत नाही. लाळेतनं, पोटाच्या भिंतीतनं तो परत पोटात घेते. तिथले जंतू त्याच्यावर वाढतात, आणि मग ती त्या जंतूंनाच पचवते. जी घाण आपल्याला मारते, तिच्यावर ती दुष्काळ काढते."

त्यांनी माणसाच्याच आतड्यातले जंतू घेतले होते आणि त्यांच्यात बदल करून त्यांना हे काम शिकवलं होतं. काही युरिया खाऊन स्वतःचं अंग वाढवणार आणि शौचावाटे निघून जाणार. काही कुजणं थांबवणार. काही पोटॅशियम धरून ठेवणार. एकट्या कुणाला हे जमत नाही, म्हणून सगळे मिळून एक कळप. प्रत्येक माणसाचं आतडं तपासून त्याला मानवेल असा कळप वेगळा वाढवायचा, त्याला वर्ष लागतं. ज्यांना थोडीफार लघवी अजून होते, अशांनाच द्यायचा, कारण जंतू विष खातील, पाणी थोडंच पिणार आहेत?

मी म्हटलं, "म्हणजे मेंढीचा रवंथ बंद पडला की धडधाकट मेंढीच्या तोंडातला घास काढून तिला भरवतात, तसंच की हे."

"तसंच," मॅडम म्हणाल्या. "माझे वडील जनावरांचे डॉक्टर होते. मी लहान असताना ते हे करायचे आणि मी टॉर्च धरायचे. माझं सगळं काम तिथनंच सुरू झालं."

त्या दिवसापासून आमच्यात कळप हा शब्द पडला.

वर्षानं पुड्या आल्या, मला, चाचांना आणि वॉर्डातल्या आणखी काही जणांना. रोज सकाळी एक पुडी, आणि कळपाला चारा म्हणून कसल्याशा कोंड्याची दुसरी पुडी. वर मॅडमनी सांगितलं, भाकरी शिळी खा. गार झालेल्या भाकरीतलं काही पीठ आपल्याला पचत नाही, ते खाली उतरतं आणि कळप त्याच्यावर चरतो. मला हसू आलं. शिळी भाकरी खा म्हणून डॉक्टरनं धनगराला सांगायची पाळी आली. कळप बरा आहे का हे बघायला एक छोटं यंत्र दिलं, त्यात तोंडानं फुंकायचं. हिरवा दिवा म्हणजे बरं, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे धावत या. आम्ही त्याला फुंकणी म्हणायला लागलो.

महिनाभर काहीच झालं नाही. पोट गुडगुडायचं तेवढं. मग एका दुपारी घरमालकिणीनं लसणाची फोडणी दिली आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मला आधी कळेचना हे काय होतंय. पोटात काहीतरी ओढत होतं, दुखत नव्हतं. भूक होती ती. मी डब्यातली शिळी भाकरी काढली, तव्यावर जराशी लसूण-मिरची परतली आणि भिंतीला टेकून खाल्ली. खाताना रडले. हो, रडले, त्यात लपवायचं काय.

हळूहळू रक्ताचे आकडे उतरले. तीनदाचं मशीन दोनदा झालं, दोनदाचं एकदा. पावसाळ्यात वाडा माणात परत आला, तेव्हा मालक खोलीवर आले. मी जेवत होते. ते दारात उभे राहिले आणि मी शेवटचा घास खाईपर्यंत तिथंच उभे राहिले.

"आत या की. माणूस जेवताना कधी बघितलं न्हाई का?" मी म्हटलं.

"लई दिसांत न्हाई बघितलं," ते म्हणाले. आत आले, मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. आमचे मालक बोलायला कंजूष. मेंढरांशी बोलतात तेवढंही माझ्याशी बोलत नाहीत. मग एकदम म्हणाले, "यंदा चल."

मॅडमनी वाट नकाशावर बघितली. मशीन आठवड्यानं लागणार. भोरला सोय आहे, घाट उतरल्यावर महाडला आहे. फुंकणी रोज फुंकायची. "आणि एक," त्या म्हणाल्या, "मला न विचारता कुठलंही औषध नाही. ताप आला तरी आधी फोन. झाडपाल्याचा काढा तर अजिबात नाही. जंतू मारणारं काहीही गेलं की कळप गेला, आणि दुसरा माझ्याकडं तयार नाही." मी मान हलवली. हे मी मालकांना सांगितलं का? नाही सांगितलं. सांगितलं असतं तर ते मला नेताना घाबरले असते, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

दिवाळी झाली. निघायच्या सकाळी मी घोडीवर बिऱ्हाड बांधलं. घोडीनं मला ओळखलं, माझ्या खांद्यावर नाक घासलं. जाऊबाईनं पाच वर्षं माझं बिऱ्हाड बांधलं होतं, ती बाजूला उभी राहून माझ्या गाठी तपासत होती. मी म्हटलं, "शेवंता, गाठ मारायला मी मशीनवर न्हाई विसरले." काढ्याचा वास सगळीकडं भरला होता. घरं ओळीनं उभी राहिली. वाटी कोकऱ्यांकडनं हाक्यांकडं, हाक्यांकडनं आमच्याकडं.

मालक प्याले. मग वाटी त्यांनी माझ्यापुढं धरली. दोन्ही हातांनी धरली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की जे मी आमच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. बिरूआण्णा मोजायला थांबला होता. सगळा वाडा बघत होता.

मला मॅडमचं बोलणं आठवत होतं, शब्द न् शब्द. विसरले होते असं मी कुणालाही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. मी वाटी घेतली आणि प्याले.

"लवट्याचं घर, दोघं," बिरूआण्णा म्हणाला.

तसा कडू काढा मी परत कधी पिणार नाही, आणि तसं गोडही मला परत काही लागायचं नाही.

पहिले दिवस चांगले गेले. लोणंदपाशी आम्ही कांदा काढलेल्या एका वावरात उतरलो, खतासाठी मेंढरं बसवली. मी चूल मांडली. मालक धुरापलीकडं बसले होते आणि मी त्यांना बघत होते. शिरवळच्या ओढ्यात मी घोडीला धुतलं. मग फुंकणी पिवळी झाली. मी ती पदराखाली धरून फुंकायला लागले, मालकांना दिसू नये म्हणून. तोंडाला लोखंड आलं. भाकरी समोर आली की ढवळायला लागलं. भोरच्या अलीकडं पाय सुजले, चढावर दम कोंडला, आणि मी घोडीच्या पायांशी खाली बसले. फुंकणी माझ्या हातातनं गडगडली ती मालकांनीच उचलली. लाल होती.

भोरला मशीन केलं, तिथनं गाडीनं फलटण. मॅडम पुण्याहून आल्या. शौचाची तपासणी झाली. कळप मेला होता. पाच-दहा टक्के कुठं राहिला असेल तर तोही जगण्यासारखा नव्हता.

"काय घेतलंत?" मॅडमनी विचारलं.

मी सांगितलं.

"कुडा!" मॅडम म्हणाल्या. "अहो, पोटातले जंतू मारायलाच तर कुड्याची साल देतात. मी तुम्हाला बजावून सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतं."

"मग का प्यालात?"

"मालकांनी वाटी दिली," मी म्हटलं. यापेक्षा खरं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या रागावल्या होत्या, आणि त्यांचा राग मला पटत होता. एवढ्या वर्षांचं काम, आणि मी एका वाटीत बुडवलं.

मालक दाराशी उभे होते. त्यांना हे आत्ताच कळत होतं. मेंढरं भावाच्या हवाली करून ते माझ्याबरोबर आले होते, अंगावर अजून वाटेची धूळ होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मॅडमना विचारलं, "मंजी म्या मारला म्हना की कळप."

"तुम्हाला माहीत नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "नवा वाढवायचा तर परत वर्ष. आणि यादीत पुढं अजून माणसं थांबलेली आहेत. मी खोटी आशा देणार नाही."

मालक बाहेर गेले. मला वाटलं, गेले. वाडा घाटाच्या तोंडाशी थांबला होता, चारा संपत होता, ते किती थांबणार? मी तोंड भिंतीकडं केलं.

आमच्यात आणखी एक रीत आहे. रोगानं किंवा पुरानं एखाद्याचा कळप गेला, तर वाड्यातलं प्रत्येक घर त्याला एकेक मेंढी देतं. त्यातनं त्याचा कळप परत उभा राहतो. उसनं नाही ते, परत मागत नाहीत. फक्त घरधन्यानं डोक्याचं मुंडासं काढून पुढं धरायचं. तोंडानं काही बोलायचं नाही.

थोड्या वेळानं मुलाणी चाचा म्हणाले, "सोजर, इकडं बघ."

मी वळले. मालक वॉर्डात परत आले होते. डोकं उघडं, मुंडासं दोन्ही हातांवर पसरलेलं. त्या दिवशी मशीनवर माझ्यासकट आठ माणसं होती, बाकीच्या सातांच्या पोटात मॅडमचे कळप होते. मालक पहिल्या खाटेपाशी उभे राहिले. तिथं एक कॉलेजात शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांना काही कळेना. त्या पर्स शोधायला लागल्या.

"पैसं न्हाई मागत ते," मी खाटेवरनं म्हटलं, पण मशीनच्या आवाजात ते त्यांना ऐकू गेलं नाही.

चाचांना कळलं. वाड्यावर अर्धं आयुष्य गेलेलं त्यांचं. ते उशीवर जरा वर सरकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्याच्या बायकोचा कळप मेलाय. तो आपल्या प्रत्येकाकडं एक मेंढी मागतोय. आपल्या पोटातली." मग मालकांकडं बघून म्हणाले, "धुळाजी, जन्मभर तुझ्या वाड्यावरनं बकरी नेली. ही एक परत घे."

मॅडम स्टूलावर बसल्या. मग बोलायला लागल्या त्या स्वतःशीच बोलल्यासारखं. प्रत्येकाचा कळप वर्षभर त्याच्याच पोटात राहिलाय, त्याच्याच खाण्यावर वाढलाय, म्हणजे प्रत्येक आता थोडा वेगळा झालाय. सात वेगळे एकत्र केले तर त्यातले सोजरला मानवतील ते टिकतील, बाकीचे जातील. वर्ष लागणार नाही. "पण असं हातोहात नाही चालायचं," त्या म्हणाल्या. "दुसरा कुठला रोग त्यातनं जायला नको. प्रयोगशाळेत तपासावं लागेल, समितीची परवानगी लागेल. आणि काकू, तुम्ही परत काही प्यालात तर मी स्वतः तुम्हाला बडवणार."

"बडवा," मी म्हटलं.

सातही जणांनी दिलं. मालकांनी मुंडासं बांधलं, चाचांच्या पायाला हात लावला आणि दारापाशी आले. मला वाटलं काहीतरी बोलतील.

"मेंढरं उपाशी हायेत," ते म्हणाले.

"जावा," मी म्हटलं.

ते गेले. संध्याकाळी ठिपके हलले, घाटात शिरले आणि विझले. पिवळा ठिपका तोंडाशी बराच वेळ थांबला होता. मग तोही विझला.

तो हिवाळा आणि उन्हाळा मी परत तीनदाच्या मशीनवर काढला. आधीची पाच वर्षं मला एवढी जड गेली नव्हती, कारण तेव्हा मी मनाशी विषय मिटवला होता. आता मिटत नव्हता. शिरवळच्या ओढ्याचं पाणी पायांना लागलेलं होतं, चुलीपलीकडचं मालकांचं तोंड बघितलेलं होतं. त्यांचा फोन महाडकडनं कधीतरी यायचा. "जेवलीस?" एवढंच विचारायचे. मी नाही म्हणायची. मागं मेंढरांचा आवाज यायचा. तो ऐकण्यासाठी मी फोन ठेवायची नाही, आणि तेही ठेवायचे नाहीत.

उन्हाळ्याच्या शेवटी परवानगी आली. नव्या पुड्या आल्या. भूक यायला या वेळी वेळ लागला, पण आली. पहिल्याच दिवशी मला वजडी, म्हणजे बकऱ्याची आतडी, खावीशी वाटली; एरवी मी तिला हातही लावत नाही. चाचांना म्हटलं, "ही तुमचीच मेंढी दिसते." चाचा इतके हसले की त्यांच्या मशीनची घंटा वाजली. फुंकणी हिरवी झाली आणि हिरवीच राहिली. दिवाळीपर्यंत मशीन परत आठवड्यावर आलं.

पावसाळ्यात मालक आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, या वेळी काही गाळलं नाही. काय खायचं, काय नाही, मशीन कुठं, किती दिवसांनी. ते ऐकत होते आणि हातानं मुंडाशाचा शेव पिळत होते. काढ्याचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. मला वाटलं होतं यंदा चल म्हणणार नाहीत. त्यांनी म्हटलंच नाही. पण दिवाळीला मी गावी गेले, तेव्हा घोडीच्या पाठीवर टाकायची माझी जुनी वाकळ त्यांनी धुऊन वाळत घातलेली मी बघितली, आणि मीही काही विचारलं नाही.

निघायची सकाळ आली. तोच वास. मी घोडीचा कासरा धरून आमच्या जागेवर उभी राहिले. मनाशी ठरवलं होतं, यंदा न पिता चालायचं. बिरूआण्णा 'एक' म्हणेल, म्हणू दे. मोजलं नाही म्हणून पाय काही थांबत नाहीत. असं ठरवून माणूस उभं राहतं खरं, पण घराघराचे आकडे जसजसे जवळ यायला लागले, तशी मी प्रत्येक आकडा मनात म्हणायला लागले. कोकऱ्याचं घर, पाच. हाक्याचं घर, तिघं. मग वाटी आमच्याकडं आली, आणि काय सांगू, माझा हात आपोआप पुढं झाला होता.

मालकांनी वाटी घेतली. तिच्यात बघितलं. तोंडाला लावली नाही. माझ्याकडं दिली नाही. हात लांब करून पलीकडच्या बरकड्यांच्या घराकडं ती तशीच भरलेली दिली.

सगळे थांबले. कोकणात उतरणारा घरधनी काढा पीत नाही, असं कुणी बघितलं नव्हतं. बिरूआण्णाच्या भुवया वर गेल्या. "का रं धुळा?"

"आमच्या घरात काढा पीत न्हाईत," मालक म्हणाले.

बिरूआण्णानं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग माझ्या त्या पुढं झालेल्या हाताकडं. खाकरला.

"लवट्याचं घर, दोघं," तो म्हणाला, आणि पुढं मोजायला लागला.

मी हात मागं घेतला आणि घोडीचा कासरा नीट धरला. मालक चालायला लागले होते.